डिस्चार्जनंतरचा सिनेमा

डोक्याचं हाड पोटात ठेवलेला नायक हिंदी किंवा मराठी पडद्यावर माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. सरकारी रुग्णालयाच्या मेंदू-शस्त्रक्रिया विभागात मात्र तो नेहमी दिसतो. मार लागल्यावर मेंदूला सूज येते, आणि कवटीत तर जागा नसते. मग सर्जन कवटीचा एक तुकडा काढून मेंदूला मोकळीक देतात. तो तुकडा जिवंत राहावा म्हणून पुष्कळदा पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत डोक्याला बसवतात. तोवर डोक्याच्या एका बाजूला हाताचा पंजा बसेल एवढा खळगा असतो. त्यावर गमछा बांधलेला असतो, आणि त्या कुशीवर त्याला झोपू द्यायचं नाही हे घरातल्या लहान लेकरालाही पाठ असतं. भेटायला आलेल्या पाहुण्यांना माय सांगते, ‘हाड पोटात हाय, दिवाळीनंतर बसवणार म्हणलेत.’

या एका वाक्यात अख्ख्या चित्रपटाचा ऐवज आहे. पण आपल्या सिनेमाचं प्रेम घावावर. घाव बसला, नायिका किंचाळली, मध्यंतर झालं. पुढे एक तर माणूस सगळं विसरतो, नाही तर कोमात जातो, आणि कथेला पाहिजे त्या क्षणी डोळे उघडतो. मेंदूच्या दुखापतीनंतर माणूस आणि घर पुन्हा उभं राहतं त्याला वर्षं लागतात. तो काळ पडद्यावर आणणं अवघड, म्हणून तो गाळला जातो. या विषयावर सिनेमाने आजवर काय कमावलं आणि काय टाळलं याचा हिशेब मांडताना मी एकच कसोटी लावली आहे: डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यानंतर चित्रपट किती वेळ चालतो?

या कसोटीवर आपला सर्वांत लाडका चित्रपटच आधी अडखळतो. बालू महेंद्र यांचा ‘सदमा’ (१९८३) हा त्यांच्याच तमिळ ‘मून्द्रम पिरै’चा (१९८२) हिंदी अवतार. मोटार अपघातात डोक्याला मार लागलेली तरुणी मनाने सहा-सात वर्षांची होते, एक शाळामास्तर तिला उटीला नेऊन सांभाळतो, आणि वैद्यबुवांच्या उपचाराने ती एका दिवसात बरी होते. बरी झाल्यावर मधला सगळा काळ पुसलेला, मास्तरही पुसलेला. स्टेशनवर माकडचाळे करून ओळख पटवू पाहणारा कमल हासन आठवला की आजही घशात आवंढा येतो. श्रीदेवीचं काम तर हिंदी पडद्यावरच्या उत्तम कामांपैकी एक. पण मेंदूचा मार असा वागत नाही. माणूस मागे जाऊन मूल होत नाही, तो मोठाच राहतो. फक्त त्याचा आवर, त्याचं लक्ष, त्याचा क्रम बिघडतो. आणि जुनी ओळख पुसली जाऊन नवं सगळं नीट साठत राहणं हा प्रकार पडद्यावरच जास्त आढळतो. प्रत्यक्षात उलट असतं. बारशाला कोण कोण आलं होतं ते सांगता येतं, सकाळी गोळी घेतली की नाही ते सांगता येत नाही.

सॅली बॅक्सेंडेल या ब्रिटिश मेंदू-मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चित्रपटांतल्या स्मृतिभ्रंशाची झडती घेतली. बहुतेक सगळे नापास झाले. त्यांनी ज्यांना शाबासकी दिली त्यांत ‘मेमेंटो’ (२०००) होता आणि ‘फाइंडिंग नीमो’मधली डोरी नावाची मासळीही होती. करोडो खर्चून उभे केलेले नायक जे करू शकले नाहीत ते एका कार्टूनमधल्या माशाने केलं: नवीन माहिती टिकत नाही तेव्हा भोवतालचे लोक कसे वैतागतात आणि ती स्वतः कशी ओशाळते, हे त्यात बरोबर आलं. कोमाची तपासणी मेयो क्लिनिकचे डॉ. वाइडिक्स यांनी २००६ मध्ये केली. तीस चित्रपट पाहिले, त्यांपैकी दोनच पटण्यासारखे निघाले. बाकीचे रुग्ण दाढी केलेले, तुकतुकीत, गालावर लाली असलेले आणि डोळे मिटून गाढ झोपलेले. नाकातली नळी नाही, आखडलेले हात नाहीत, पाठीला जखम नाही.

आपल्याकडचे नमुने शोधायला लांब जावं लागत नाही. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये (२००३) वर्षानुवर्षं निश्चल बसलेला आनंद प्रेमाच्या बळावर हलतो. ‘थ्री इडियट्स’मधला (२००९) राजू खिडकीतून उडी मारतो, कोमात जातो आणि दोस्तांच्या थापा ऐकून शुद्धीवर येतो. दोन्ही चित्रपट मला आवडतात, दोन्हींत विनोदाच्या आड माणुसकी आहे. पण अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बापाच्या डोक्यात ‘आपण बोलत राहिलो तर पोरगं उठंल’ ही आशा पेरण्यात त्यांचाही वाटा आहे. बोलत राहणं चांगलंच. मात्र उठलं नाही तर आपलं प्रेम कमी पडलं असं त्या बापाने मानू नये, आणि हे सांगणारा प्रसंग या दोन्ही चित्रपटांत नाही. ‘गजनी’ने (तमिळ २००५, हिंदी २००८) ‘मेमेंटो’कडून पंधरा मिनिटांची स्मृती आणि अंगावरचं गोंदण घेतलं, पण मेंदूचा आजार सुडाच्या कामाला जुंपला. त्याच्या नायकाला रोज सकाळी चहा कोण देतं, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही.

मूळ प्रश्नाला सरळ हात घालणारा गाजलेला चित्रपट अमेरिकी आहे. माइक निकोल्स यांचा ‘रिगार्डिंग हेन्री’ (१९९१). हॅरिसन फोर्ड त्यात न्यूयॉर्कचा निष्ठुर वकील झाला आहे. सिगारेट आणायला दुकानात जातो, तिथे दरोडेखोराची गोळी डोक्यात घुसते, दुसरी छातीत लागून मेंदूचा प्राणवायू काही काळ तुटतो. पुढे चालणं, बोलणं, वाचणं सगळं नव्याने. व्यायाम करून घेणारा ब्रॅडली आणि वाचायला शिकवणारी मुलगी, हे या चित्रपटाचे खरे आधारस्तंभ. इथे डिस्चार्जनंतरचा भाग भरपूर आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण हेन्री बरा होतो तो पहिल्यापेक्षा चांगला माणूस होऊन. गोळीने त्याचा अहंकार तेवढा नेमका उडवला, राग मात्र आणला नाही आणि फिटचा झटकाही दिला नाही. दुखापतीला प्रायश्चित्ताचं रूप दिलं की प्रेक्षक सुखावतो. ज्यांच्या घरी असा माणूस आहे ते मात्र गप्प बसतात, कारण त्यांच्याकडे शांत स्वभावाचा नवरा गेला आणि ताट भिरकावणारा परत आला.

त्या मानाने फारसा न गाजलेला स्कॉट फ्रँकचा ‘द लुकआउट’ (२००७) मला जास्त खरा वाटतो. बाहेरून तो बँक दरोड्याचा चित्रपट आहे. आत मात्र कॅन्ससमधला एक तरुण आहे, एके काळचा हॉकीचा हिरो. त्याच्याच चुकीने झालेल्या अपघातात मित्र मेले आणि त्याच्या मेंदूला मार बसला. आता तो बँकेत रात्रीची झाडलोट करतो. वहीत लिहून ठेवतो: उठलो, गजर बंद केला, अंघोळ केली. टोमॅटोचा डबा समोर आहे, उघडायचं साधन घरातच आहे, पण ते कुठलं आणि आधी काय करायचं ही साखळी जुळत नाही. संताप येतो. ज्या बाईशी बोलायचं तिच्याशी नको ते बोलून जातो आणि मग तोंड लपवतो. ही लक्षणं डॉक्टरांच्या पुस्तकात कपाळामागच्या भागाच्या इजेची म्हणून दिलेली असतात. इथे ती एका स्वयंपाकघरात दिसतात. आणि चोरांची टोळी त्याला जाळ्यात ओढते ती याच कमकुवतपणाचा फायदा घेऊन. हे तर आपल्या गावातही तसंच घडतं. त्यावर पुढे येतो.

कपाळामागच्या इजेची पहिली प्रसिद्ध गोष्ट १८४८ची. अमेरिकेत व्हरमॉन्टमध्ये रेल्वेसाठी सुरुंग लावताना फिनीअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण स्वभाव पालटला, एवढंच सगळे सांगतात. तोच गेज पुढे कित्येक वर्षं चिलीमध्ये घोड्यांची टपालगाडी हाकत होता, हे सहसा कुणी सांगत नाही. रोज तीच वाट, तेच घोडे, तीच वेळ. ठरलेल्या कामाने तो बराचसा सावरला असावा, असं नंतरच्या अभ्यासकांचं मत आहे. दुसऱ्या महायुद्धात गोळी लागलेल्या एका सोव्हिएत सैनिकाची कहाणी मेंदूतज्ज्ञ डॉ. लुरिया यांनी लिहिली. त्याला स्वतः लिहिलेलं वाचता येत नव्हतं, तरी सुमारे पंचवीस वर्षं रोज थोडं थोडं करत त्याने तीन हजारांवर पानं लिहिली. कथानक म्हणून यांतल्या कुठल्याही कहाणीत धक्का नाही. पुनरावृत्ती आहे, आणि मेंदू सावरतो तो पुनरावृत्तीनेच. सिनेमाचं आणि या आजाराचं जमत नाही ते इथे.

हिंदीत ही पुनरावृत्ती पकडायची हिंमत शुजित सरकार आणि लेखिका जुही चतुर्वेदी यांनी ‘ऑक्टोबर’मध्ये (२०१८) केली. हॉटेलात शिकाऊ म्हणून काम करणारी शिऊली नववर्षाच्या रात्री तिसऱ्या मजल्यावरून पडते. तिथून पुढे चित्रपट बराच वेळ रुग्णालयातच राहतो. तिचा सहकारी डॅन लघवीच्या पिशवीवर लक्ष ठेवतो, नर्सशी हुज्जत घालतो, बिलाची चर्चा ऐकतो. एक नातेवाईक ‘आता कशाला ओढायचं’ म्हणतो आणि ते म्हणण्यात तो दुष्ट ठरत नाही. गीतांजली राव यांनी केलेली आई कॉलेजात शिकवते, घर चालवते, रडायला तिला वेळ नाही. भारतीय पडद्यावरची ही सर्वांत सच्ची शुश्रूषा करणारी बाई आहे असं मी म्हणेन. शिऊली शेवटी वाचत नाही. प्रेमाने चमत्कार होत नाही हे मान्य करूनही प्रेम वाया गेलं असं चित्रपट म्हणत नाही, ही त्याची मोठी मिळकत.

त्याच सुमारास मराठीत सारिका मेणे यांचा ‘आरती : द अननोन लव्ह स्टोरी’ (२०१७) येऊन गेला. अपघातात जखमी झालेल्या प्रेयसीची सेवा करणाऱ्या तरुणाची ती गोष्ट, दिग्दर्शिकेच्या घरातल्या खऱ्या अनुभवावर बेतलेली. ‘ऑक्टोबर’शी त्याचं साम्य असल्याचा आरोप झाला, निर्मात्यांनी तो फेटाळला. या वादामुळेच तो चित्रपट पुष्कळांना ठाऊक झाला, ही मराठी चित्रपटाची नेहमीची कर्मकथा.

मेंदूची इजा आणि महाराष्ट्र म्हटलं की अरुणा शानबाग यांचं नाव टाळता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्या १८ मे २०१५पर्यंत त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. सुमारे बेचाळीस वर्षं. दत्तकुमार देसाई यांनी ‘कथा अरुणाची’ हे नाटक लिहिलं, विनय आपटे यांनी ते २००२ मध्ये रंगमंचावर आणलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दयामरणाची याचिका फेटाळली, पण उपचार थांबवण्याच्या प्रश्नाला दार उघडून दिलं. न्यायालयापुढे केईएमच्या परिचारिकांचं म्हणणं आलं: ती आमची आहे, आम्ही सांभाळू. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला पाठीची जखम होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्याने एक महिना कुणाचं केलं आहे त्यालाच कळेल. चर्चा मात्र कायम मरणाच्या हक्कावर झाली. पाळी लावून कूस बदलणाऱ्या त्या हातांवर नाटक-सिनेमा लिहायचा अजून बाकी आहे.

मराठी सिनेमाला हे जमणार नाही असं नाही. किंबहुना हिंदीपेक्षा मराठीलाच ते जास्त जमेल. ‘श्वास’ने (२००४) डोळ्याच्या कर्करोगाची गोष्ट सांगताना रुग्णालयातल्या समाजसेविकेला कथेच्या मध्यभागी आणलं, कागद, सही, पैसे, वेळ यांचं नाट्य दाखवलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तर मनाच्या आणि मेंदूच्या आजारांवर पुण्यात एक घराणंच उभं केलं. ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेला शेष आहे, पण गोष्ट तितकीच त्याच्या बहिणीच्या संसाराची. ‘अस्तु’मध्ये अल्झायमर झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना पोटच्या पोरासारखं भरवते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंडितांच्या मुलींना त्यांचं जुनं मोठेपण आठवतं म्हणून त्रास होतो. चन्नम्माला ते ठाऊकच नाही, म्हणून ती सहज सांभाळते. मेंदूच्या इजेचं याहून चांगलं निरीक्षण मी मराठीत पाहिलेलं नाही, आणि गंमत म्हणजे तो चित्रपट इजेवर नाहीच. सुमित्राताई २०२१ मध्ये गेल्या. घराणं पुढे चालवायचं तर आता पुण्याबाहेर यावं लागेल.

कुठे यावं? मी म्हणेन अर्धापूरला. नागपूर-तुळजापूर महामार्ग इथून जातो, नांदेड वीसेक किलोमीटरवर. इसापूरच्या पाण्यावर केळी, हळद, ऊस. गळीत हंगामात अंधार पडल्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, आणि त्यांच्या पाठीमागून मोटारसायकली. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत हेल्मेट नसलेली ५०,०२९ होती. महाराष्ट्रातली एकूण १५,२२४. हे मेलेल्यांचे आकडे. जे डोक्याला मार घेऊन जगले त्यांची मोजदाद कुणी एवढ्या काळजीने ठेवत नाही.

जगलेल्याचा प्रवास साधारण ठरलेला. १०८ला फोन, अर्धापूरचं ग्रामीण रुग्णालय, तिथून विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय किंवा नांदेडातलं खासगी, सीटी स्कॅन, ‘गुठळी आहे, लगेच घ्यावं लागेल’. चुलता सही करतो, मेव्हणा हैदराबादला हलवायचं का म्हणतो. सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे नवी नाही. ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होतं. त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदा निभतो. पण योजनेचा भर भरती असलेल्या दिवसांवर. घरी आल्यावर महिनोन्‌महिने लागणारा व्यायाम, बोलायला शिकवणारा थेरपिस्ट, जीप-भाडं, मायची बुडालेली मजुरी हे घराने बघायचं.

अर्धापुरात चित्रपट लिहायचा तर जीप शेतातल्या आखाड्यावर पोचते तिथून सुरू करावा. अपघात दाखवूच नये. बाजेवर तिशीच्या आतला केळीवाला, डोक्याला गमछा. गाव बघायला येतं. येणारा प्रत्येक जण पुढे वाकून एकच विचारतो, ‘वळखलास का मला?’ दिवसभर परीक्षा. तो ओळखतो, पण नाव ओठावर येत नाही, आणि पाहुणा बाहेर जाऊन सांगतो, ‘गेलंय पोरगं.’

मग दोन महिन्यांनी तो उभा राहतो, चालतो, बोलतो. गाव म्हणतं बरा झाला. खरी गोष्ट इथून. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायची, त्याआधी ठिबकचा कोणता व्हॉल्व्ह उघडायचा आणि कोणता बंद करायचा, हा क्रम त्याने हजार वेळा केलेला. आता स्टार्टरसमोर उभा राहतो आणि हात थांबतो. हळद शिजायला लागते, अख्खा शिवार वासाने भरतो, त्याला काही येत नाही. डोक्याच्या मारात वास जाणं हे नेहमीचं, पण डॉक्टरलाही कुणी ते सांगत नाही कारण तक्रार करावी एवढं ते मोठं वाटत नाही. लग्नात डीजे वाजला की तो कान दाबून पळतो. चुलत सासऱ्याला भरल्या पंगतीत नको ते बोलतो. व्यापारी बागेत येऊन क्विंटलचा भाव पडता सांगतो, त्याला हिशेब जुळवायला वेळ लागतो, लाजेने तो ‘हो’ म्हणून टाकतो आणि बाग कापली जाते. ‘द लुकआउट’मधली टोळी ती हीच. आता बरंय म्हणून घरचे फिटच्या गोळ्या बंद करतात, तीन आठवड्यांनी बांधावर झटका येतो. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. आजी देवऋष्याकडे न्या म्हणते. आणि बायको? तिला सगळे सांगतात, ‘नशीब समज, कुंकू वाचलं.’ ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस परत आला नाही, हे दुःख बोलायला तिला गावात जागा नाही. नवरा समोर जेवत बसलाय, मग रडायचं कशाला? चित्रपटाची नायिका ती.

कायद्यालाही हा माणूस पुरता दिसलेला नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६मध्ये एकवीस प्रकार आहेत. डोक्याच्या माराने आलेलं अपंगत्व त्यांत स्वतःच्या नावाने नाही. हात-पाय लुळे असतील तर चलनवलनाखाली, वाचा गेली तर वाचेखाली, अशी त्याची वाटणी होते. ज्याचं शरीर धड आहे आणि आवर गेला आहे, तो प्रमाणपत्राच्या खिडकीवर खोटा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्रकरणात मात्र नेमकी नजर दाखवली. लहानपणी अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या मुलीची भरपाई सुमारे ६२ लाखांवर नेताना तिला आयुष्यभर लागणाऱ्या दोन मदतनिसांचा खर्च धरला, दर महिन्याला दहा हजार. घरातल्या बाईने फुकट करायचं काम म्हणून जे मोजलं जात नाही, त्याचा दर न्यायालयाने लावला. अपघात दाव्याच्या सुनावणीत यावर युक्तिवाद होतात, साक्षी होतात. पटकथाकारांनी कोर्टातले असे दोन दिवस पाहिले तर ‘तारीख पे तारीख’च्या पलीकडचं काही हाती लागेल.

‘सदमा’ श्रीदेवीसाठी पाहावा, ‘द लुकआउट’ आजारासाठी, ‘ऑक्टोबर’ आईसाठी आणि ‘अस्तु’ चन्नम्मासाठी. ‘रिगार्डिंग हेन्री’ एकदा पाहिला तरी पुरे. नांदेडला राज्य नाट्य स्पर्धेत आणि एकांकिकांत दरवर्षी नवी पोरं लिहितात, त्यांतल्या कुणाला हा विषय भिडला तर चित्रपटाच्या बजेटची वाटही बघायला नको. बाज, गमछा, गोळ्यांची पिशवी एवढंच नेपथ्य लागतं. लिहिण्याआधी मात्र एक करावं: ज्या दिवशी जुने पेशंट तपासायला येतात त्या दिवशी न्यूरोच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर जाऊन बसावं, आणि पेशंटशी नव्हे, त्याच्यासोबत आलेल्या बाईशी बोलावं.